डॉ. होमी भाभा : सुरक्षिततेचा दंडक घालून देणारे अणुशास्त्रज्ञ

सुरत शहरापासून सुमारे 80 किलोमीटरवर, तापी नदीच्या खोऱ्यात काकरापार अणुवीज केंद्र उभे आहे. पूर्वी हा भाग सुरत जिल्ह्यातच मोडत असे. 2007 मध्ये तापी जिल्हा वेगळा झाला. या केंद्रात कामावर जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या छातीवर एक लहानशी पट्टी लावलेली असते. दिवसभरात त्याच्या शरीराने किती किरणोत्सर्ग झेलला याची मूक नोंद ती पट्टी ठेवते. केंद्राच्या कुंपणाबाहेर दुसरेच काम चाललेले असते. आसपासच्या गावांतील दूध, भाजीपाला, धान्य, तापीचे पाणी आणि त्यातील मासळी यांचे नमुने गोळा करून पर्यावरण प्रयोगशाळेत तपासले जातात. हे काम वर्षानुवर्षे चालते आणि त्याची बातमी क्वचितच होते. काही घडले नाही, एवढेच त्याचे फलित असते. आणि जे घडले नाही त्याचा सत्कार करण्याची रीत आपल्याकडे नाही.

या शिस्तीचे मूळ शोधत गेले, तर आपण पोहोचतो ते मुंबईच्या तुर्भे येथे, 27 फेब्रुवारी 1960 या दिवशी. त्या दिवशी अणुऊर्जा आस्थापनेचे संचालक डॉ. होमी जहांगीर भाभा यांनी एक छोटेखानी आदेश काढला. किरणोत्सारी पदार्थ अशा रीतीने हाताळले जावेत की आस्थापनेतील कामगारांना अथवा बाहेरच्या कोणालाही इजा पोहोचणार नाही. इतकेच नव्हे, तर ही हाताळणी इतकी आदर्श असावी की देशातील इतर संस्थांना तिचा कित्ता गिरवण्यास सांगता यावे, असा त्याचा आशय होता. भाभांचे नाव घेतले की अणुभट्ट्या, मूलभूत संशोधन आणि आल्प्सच्या शिखरावरील तो दुर्दैवी अपघात आठवतो. हा आदेश मात्र फारसा कोणाला आठवत नाही. 24 जानेवारी या त्यांच्या स्मृतिदिनाच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राची ही बाजू समजून घेणे उचित ठरेल.

होमी भाभा यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1909 रोजी मुंबईतील एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. वडील जहांगीर हे कायद्याचे जाणकार. आत्या मेहेरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. त्यामुळे उद्योग, शिक्षण आणि राष्ट्रकार्य यांची चर्चा घरातच कानावर पडे. घरात ग्रंथसंग्रह होता, पाश्चात्त्य संगीताच्या ध्वनिमुद्रिका होत्या, चित्रकलेचे संस्कार होते. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन महाविद्यालय आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा प्रवास करून 1927 मध्ये ते केंब्रिजला गेले. मुलाने अभियंता होऊन जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात यावे, ही घरच्यांची इच्छा. मुलाचा ओढा भौतिकशास्त्राकडे. अखेर तडजोड झाली. 1930 मध्ये त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची परीक्षा प्रथम श्रेणीत उत्तीर्ण करून दाखवली आणि मग आपला मार्ग मोकळा करून घेतला. पुढच्या आयुष्यात हे दुहेरी शिक्षण त्यांच्या फार उपयोगी पडले. सिद्धान्ताची भाषा आणि यंत्राची भाषा या दोन्ही त्यांना अवगत होत्या.

केंब्रिजमधील ते दिवस अणुविज्ञानाच्या बहराचे होते. 1932 मध्ये तेथील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत न्यूट्रॉनचा शोध लागला. भाभांनी 1935 मध्ये इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांच्या परस्पर विकिरणाचे गणित मांडले. ती प्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. 1937 मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. अवकाशातून येणारा एखादा प्रचंड ऊर्जेचा कण वातावरणात शिरला की त्यातून कणांची मालिका कशी जन्म घेते आणि तो वर्षाव जमिनीपर्यंत कसा पोहोचतो, याचे हे विवेचन होते. म्हणजे मनुष्य जन्मल्यापासून ज्या किरणोत्सर्गात न्हाऊन निघत असतो, त्याच्या एका घटकाचाच अभ्यास भाभा तरुण वयात करीत होते. किरणोत्सर्ग सर्वत्र आहे; प्रश्न आहे तो मात्रेचा. ही दृष्टी त्यांना पुस्तकातून उसनी घ्यावी लागली नाही.

1939 मध्ये ते सुटीसाठी मायदेशी आले आणि युद्ध पेटल्यामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या सहवासात त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन पुढे नेले. 1941 मध्ये वयाच्या 31 व्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, 1942 मध्ये त्यांना केंब्रिजचा ॲडम्स पुरस्कार मिळाला. परदेशांतील मोठ्या पदांचा मोह त्यांना आवरता आला असावा तो याच काळात. मार्च 1944 मध्ये त्यांनी टाटा विश्वस्त निधीला पत्र लिहून मूलभूत संशोधनाच्या संस्थेची मागणी केली आणि 1 जून 1945 रोजी टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. देश स्वतंत्र झाल्यावर ऑगस्ट 1948 मध्ये अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, 1954 मध्ये अणुऊर्जा विभाग. दोन्हींची सूत्रे भाभांकडेच होती.

4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. आशियात, सोव्हिएत संघाबाहेर, ती पहिली. तिची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. पाण्याने भरलेल्या खोल हौदात तिचा गाभा लोंबकळत ठेवलेला होता. तेच पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करी, तेच गाभा थंड ठेवी आणि वर उभ्या असलेल्या माणसाचे किरणोत्सर्गापासून रक्षणही तेच करी. हौदाच्या कडेला उभे राहून खाली दिसणारी निळसर प्रभा पाहता येई. माणूस आणि मृत्यू यांच्यामध्ये काही मीटर पाण्याचा पडदा, एवढेच काय ते अंतर. किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे सारे शास्त्र या एका दृश्यात सामावलेले आहे. उगमापासून दूर राहा, त्याच्या सान्निध्यात कमीत कमी वेळ घालवा आणि मध्ये योग्य आडोसा ठेवा. अंतर दुप्पट केले की मात्रा चौथाईवर येते. नियम सोपे आहेत; ते रोज, प्रत्येकाने आणि न कंटाळता पाळणे कठीण आहे.

ते न पाळल्याची किंमत जगाने तोवर मोजली होती. क्ष-किरणांचा शोध लागून दहा वर्षे होण्याआधीच एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली या किरणांमुळे प्राणास मुकला. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरणाऱ्या अमेरिकेतील मुली कुंचला ओठांनी टोकदार करीत आणि त्या विषाने त्यांची हाडे पोखरली. मादाम क्यूरी 1934 मध्ये रक्ताच्या विकाराने गेल्या. पुढे हिरोशिमा व नागासाकी झाले. मार्च 1954 मध्ये अमेरिकेने पॅसिफिक महासागरात केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख जपानी मच्छीमारांच्या नौकेवर पडली आणि सारे जग हादरले. पंडित नेहरूंनी लगोलग अणुचाचण्या थांबवण्याची हाक दिली.

या प्रसंगानंतर भारताने एक मोलाचे काम केले, ज्याचा गोमंतकीयांना विशेष अभिमान वाटावा. अणुस्फोटांच्या परिणामांचा शास्त्रशुद्ध आढावा घेणारा ग्रंथ 1956 मध्ये भारत सरकारने प्रसिद्ध केला. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या पुढाकाराने झालेल्या या कामात भाभा होते आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. गोमंतकाशी नाते सांगणारे खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांत त्यांनी कर्करोगाचा अभ्यास केला होता. किरणोत्सर्ग पेशींचे काय करतो, त्याचे परिणाम पुढच्या पिढ्यांपर्यंत कसे जाऊ शकतात, हे सांगण्याचा अधिकार त्यांना होता. संयुक्त राष्ट्रसंघाने किरणोत्सर्गाच्या परिणामांचा अभ्यास करण्यासाठी डिसेंबर 1955 मध्ये शास्त्रीय समिती नेमली, तिच्यावरही त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जिनिव्हा येथे भरलेल्या अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगाच्या पहिल्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद भाभांनी भूषवले होते. एक भारतीय अणूची आशा सांगत होता, दुसरा त्याची भीती मोजून दाखवत होता. आणि दोघे एकाच शहरात, एकमेकांच्या सहकार्याने काम करीत होते.

भारताला किरणोत्सर्गाच्या अभ्यासासाठी निसर्गाने स्वतःची प्रयोगशाळाही दिली होती. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत थोरियम असते. भाभांच्या अणुकार्यक्रमाची सारी दूरदृष्टी या थोरियमवर उभी होती. पण त्याच वाळूवर पिढ्यान्‌पिढ्या कोळी, शेतकरी राहत आले होते आणि तेथील नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांहून कितीतरी अधिक होता. अणुऊर्जा विभागाचे भारतवाल आणि वझे यांनी त्या वस्त्यांतील मात्रा मोजली आणि ती मापने 1958 च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत जगापुढे ठेवली. ज्या खनिजावर देशाचे भवितव्य अवलंबून आहे असे मानले, त्याच्या परिसरातील माणसांचे काय होते, हेही मोजून सांगितले गेले, ही गोष्ट लहान नव्हे.

अशा पार्श्वभूमीवर 1960 चा तो आदेश निघाला. त्यामागे तातडीचे कारणही होते. कॅनडाच्या सहकार्याने उभारलेली 40 मेगावॅट क्षमतेची सायरस अणुभट्टी त्याच वर्षी जुलैत सुरू व्हायची होती. अप्सराच्या मानाने ती फार मोठी होती आणि तिच्याबरोबर वापरलेल्या इंधनाचा व किरणोत्सारी कचऱ्याचा प्रश्न येणार होता. शिवाय 1957 च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील विंडस्केल येथील अणुभट्टीला आग लागली होती आणि आसपासच्या सुमारे 500 चौरस किलोमीटर प्रदेशातील दूध फेकून द्यावे लागले होते. गवतावर पडलेले किरणोत्सारी आयोडीन गाईच्या पोटातून दुधात आणि दुधातून मुलांच्या कंठग्रंथीत जाते, हा धडा साऱ्या जगाने तेव्हा घेतला. काकरापारच्या परिसरात आज दुधाचे नमुने का तपासले जातात, याचे उत्तर त्या आगीत आहे.

तुर्भे येथे आरोग्य भौतिकीचा स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि डॉ. ए. के. गांगुली यांनी त्याची घडण केली. भौतिकशास्त्रज्ञ, रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ, वैद्य अशी नाना विद्याशाखांची माणसे तेथे एकत्र आली. कामगारांच्या छातीवर छायाचित्रणाच्या फिल्मची पट्टी लागली. फिल्म जितकी काळवंडेल तितकी मात्रा अधिक. पुढे त्या फिल्मची जागा उष्णता दिली की प्रकाश देणाऱ्या स्फटिकांच्या चकत्यांनी घेतली. मुंबईच्या खाडीतील पाणी, गाळ आणि मासळी यांची तपासणी सुरू झाली, कारण अणुभट्टीतून बाहेर पडणारे अल्पसे सांडपाणीही शेवटी कोळ्याच्या जाळ्यातून कोणाच्या तरी ताटात जाणार, हे गृहीत धरलेले होते. अणुवीज केंद्र सुरू होण्याच्या काही वर्षे आधीच त्या परिसरात पर्यावरण प्रयोगशाळा उभारायची, म्हणजे आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता येते, ही पद्धत याच परंपरेतून रूढ झाली.

भाभांच्या दृष्टीने सुरक्षितता अणुभट्टीच्या भिंतीपाशी संपत नव्हती. 1962 मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाचा कारभार अणुऊर्जा विभागाकडे आला. कर्करोगाच्या उपचारात किरणोत्सर्गाचे स्थान वाढत जाणार आणि त्यासाठी भौतिकशास्त्रज्ञ व वैद्य यांनी एकत्र काम केले पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते. रोग्याला लाभ देणारा किरण उपचार करणाऱ्याला अपाय करू शकतो; म्हणून मात्रा अचूक मोजणे हे दोघांच्याही हिताचे. गोव्यातून कर्करोगाच्या उपचारासाठी परळची वाट धरणाऱ्या असंख्य कुटुंबांना या निर्णयाचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच 1962 साली अणुऊर्जा कायदा झाला आणि त्याच्या 17 व्या कलमाने सुरक्षिततेविषयी नियम करण्याचे अधिकार सरकारला मिळाले.

वैयक्तिक आयुष्यात भाभा अविवाहित राहिले. चित्रे काढणे, संगीत ऐकणे आणि झाडे लावणे हे त्यांचे छंद. इमारतीच्या आड येणारे झाड तोडण्याऐवजी मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. नेटकेपणाची ही ओढ त्यांच्या साऱ्या कामात उतरलेली दिसते.

24 जानेवारी 1966 रोजी सकाळी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाकडे निघालेल्या भाभांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. एअर इंडियाच्या कांचनजंगा या बोइंगमधील सर्व 117 जण मृत्युमुखी पडले. विमानातील एक दिशादर्शक उपकरण नादुरुस्त होते आणि नियंत्रण कक्षाने कळवलेल्या स्थानाचा वैमानिकाने भलताच अर्थ घेतला, असे चौकशीत निष्पन्न झाले. सुरक्षिततेचा दंडक घालून देणारा माणूस एका बिघाडाला आणि एका गैरसमजाला बळी पडला. वय अवघे 56. वर्षभराने तुर्भेच्या आस्थापनेला भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

त्यांच्या व्यवस्थेत एक उणीव होती आणि ती नमूद न करणे हा त्यांचा गौरव ठरणार नाही. अणुऊर्जा निर्माण करणारी आणि तिच्यावर देखरेख ठेवणारी यंत्रणा त्यांच्या काळात एकच होती. कायद्यात गुप्ततेला मोठे स्थान होते. भाभांसारखा माणूस प्रमुखपदी असेतोवर हे खपून गेले; पण व्यक्तीच्या सचोटीवर विसंबलेली सुरक्षितता पुरेशी नसते. वेगळे अणुऊर्जा नियामक मंडळ नोव्हेंबर 1983 मध्ये स्थापन झाले, भाभांच्या मृत्यूनंतर 17 वर्षांनी. त्याला अधिक स्वायत्तता असावी, ही मागणी त्यानंतरही होत राहिली.

ही देखरेख किती आवश्यक आहे, हे काकरापारनेच दाखवून दिले. पहिली अणुभट्टी सप्टेंबर 1992 मध्ये कार्यान्वित झाली. 15 व 16 जून 1994 रोजी अतिवृष्टी होऊन शेजारच्या मोतीचेर तलावाची पातळी चढली आणि पाणी थेट टर्बाइनच्या इमारतीत शिरले. सुदैवाने पहिली अणुभट्टी तेव्हा बंद होती आणि दुसरी अद्याप सुरू व्हायची होती. त्याच्या महिनाभर आधी, 13 मे रोजी, आपल्या शेजारच्या कैगा येथे बांधकाम चालू असलेल्या घुमटाचा आतील थर कोसळला होता. पुढे 11 मार्च 2016 रोजी काकरापारच्या पहिल्या अणुभट्टीत शीतक वाहिनीतून जड पाण्याची गळती झाली. अणुभट्टी आपोआप बंद पडली, केंद्रात आणीबाणी घोषित झाली आणि ती उठण्यास 21 मार्च उजाडला. मर्यादेपेक्षा अधिक किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही, असे नियामक मंडळाने नोंदवले. त्यानंतर सर्व 306 वाहिन्या बदलून 2019 मध्ये ती पुन्हा सुरू झाली. ती गळती जेथल्या तेथे रोखण्यासाठी आणि नंतर वाहिन्या बदलण्यासाठी राबलेल्या माणसांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या छातीवरील पट्ट्यांवर मात्र त्या दिवसांची नोंद असेल.

काणकोणच्या माणसाला कैगाचे नाव नवे नाही. तेथे नोव्हेंबर 2009 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या शीतपेटीत कोणी तरी ट्रिटियमयुक्त पाणी मिसळल्याचे उघड झाले. ते उघड कशामुळे झाले, हे महत्त्वाचे. कर्मचाऱ्यांच्या लघवीची नित्याची तपासणी होत असे, त्या कंटाळवाण्या, नेमाच्या तपासणीत वाढलेले आकडे दिसले. कोणी ती तपासणी त्या आठवड्यापुरती टाळली असती, तर लोक ते पाणी पीतच राहिले असते.

आज भारतात किरणोत्सर्गाशी संबंधित काम करणाऱ्यासाठी पाच वर्षांत मिळून 100 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. सर्वसामान्य नागरिकासाठी वर्षाला 1 मिलिसिव्हर्ट. हे आकडे पाळले जातात की नाही, हे पाहणारे हजारो तंत्रज्ञ रुग्णालयांत, कारखान्यांत आणि अणुवीज केंद्रांत आहेत. भारतीय किरणोत्सर्ग संरक्षण संघटना 1968 पासून अशा कामाची दखल घेत आली आहे आणि गांगुलींच्या नावाने मानाचा पुरस्कारही दिला जातो. तथापि या सन्मानांची वार्ता त्या क्षेत्राबाहेर क्वचितच जाते. भाभांना स्वतःला 1954 मध्ये पद्मभूषण मिळाले ते विज्ञानासाठी, संस्था उभारणीसाठी. त्या 1960 च्या आदेशासाठी त्यांना कोणी हार घातला नाही.

तरीही त्या आदेशातील एक शब्द विशेष मोलाचा आहे, तो म्हणजे बाहेरचा कोणीही. तापीकाठचा शेतकरी, सुरतचा हिरेकामगार, काणकोणचा मच्छीमार हे सारे त्या शब्दात येतात. त्यांना इजा पोहोचणार नाही, असे वचन अणुकार्यक्रमाच्या जनकानेच लेखी देऊन ठेवले आहे. ते पाळले जाते की नाही, हे विचारण्याचा अधिकार त्या वचनातच अंतर्भूत आहे. तो प्रश्न सतत विचारत राहणे आणि त्याचे खरे उत्तर देण्यासाठी रोज नमुने तपासणाऱ्या अनामिक हातांचा सन्मान करणे, हीच भाभांना खरी आदरांजली ठरेल.